पण दिले कोणी?

दिवाळीच्या अंकात असला विषय कशाला, असे काही वाचक म्हणतील. म्हणोत बापडे. नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झाले की आपण तुळशीपाशी कारीट फोडतो, त्याचा कडू रस जिभेला लावतो आणि मगच फराळाला बसतो. म्हणजे दिवाळीची पहिली चव कडूच असते. तेव्हा चकली-करंजीच्या शेजारी मी थोडे कारीट ठेवले, तर ते रीतीला सोडून होणार नाही.

माझे भांडण एका वाक्याशी आहे. वाक्य साधे आहे, चांगल्या माणसांच्या तोंडचे आहे आणि म्हणूनच ते मला अधिक छळते. "परदेशात गेले ना? मग पोराचे कल्याण झाले!" लढाईत उघड्यावर पडलेले एखादे मूल विमानात बसून दूरदेशी सुखवस्तू घरात गेले, त्याला ऊबदार अंथरूण, दूध, शाळा, सायकल मिळाली, की आपण हे वाक्य उच्चारतो, डोळ्यांच्या कडा टिपतो आणि पान उलटतो. या वाक्यात पोर आहे, परदेश आहे, कल्याणही आहे. नाही ती फक्त आई. ती कुठे गेली, तिला कोणी विचारले काय, तिने मूल दिले की तिच्याजवळून ते नेले, हा प्रश्न त्या वाक्यात शिरतच नाही. तो शिरावा एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

उदाहरण घेतो ते कोरियाचे. कारण या गोष्टीचा जेवढा मोठा व्यवहार त्या देशातून झाला, तेवढा दुसऱ्या कुठल्याच देशातून झाला नाही. लढाई १९५० साली पेटली आणि २७ जुलै १९५३ रोजी थांबली. गावेच्या गावे राख झाली होती. अनाथालये भरून वाहत होती. त्यांतच परक्या सैनिकांपासून कोरियन स्त्रियांना झालेली मुले होती. त्या मुलांना ना बापाचा देश ओळख देई, ना आईचा समाज.

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात क्रेसवेल नावाचे गाव आहे. तिथे हॅरी होल्ट हा शेती आणि लाकडाचा धंदा करणारा माणूस, त्याची पत्नी बर्था आणि त्यांची सहा मुले राहत असत. १९५४ च्या अखेरीस त्या नवराबायकोंनी या मुलांविषयीचा एक चित्रपट पाहिला आणि त्यांच्या जिवाला चैन पडेना. आठ मुले घरी आणायची असे त्यांनी ठरवले. कायदा म्हणे, दोनच आणता येतील. तेव्हा १९५५ साली अमेरिकेच्या काँग्रेसने त्यांच्यासाठी खास कायदा केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात होल्ट आठ कोरियन मुले घेऊन घरी उतरला. सहाची चौदा झाली. वर्तमानपत्रांनी छायाचित्रे छापली, लोकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि 'आम्हालाही एक मूल आणून द्या' अशी मागणी सुरू झाली.

मी या माणसाची टिंगल करणार नाही. स्वतःची सहा पोरे असताना आणखी आठ परकी पोरे पोटाशी धरायला छाती लागते. आपल्यात किती जण भावाचे एक पोर शिकायला घरी ठेवून घेताना आढेवेढे घेत नाहीत? होल्टच्या दयेवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्या दयेचे पुढे जे कारखान्यात रूपांतर झाले, त्यावर.

१९५६ पासून होल्टच्या नावाची संस्थाच निघाली. अमेरिकेतल्या जोडप्याने आपल्या घरी बसून रहावे, कोरियात त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच सही करावी आणि मूल विमानाने घरपोच यावे, अशी सोय झाली. आईबाप होऊ पाहणाऱ्यांनी मुलाला पाहिलेले नाही, मुलाने त्यांना पाहिलेले नाही. ही रीत १९६१ साली अमेरिकेने बंद केली. परंतु तोवर व्यवहाराला गती आली होती. आणि कुठल्याही व्यवहाराला गती आली की त्याला कच्चा माल अखंड लागतो. शब्द कठोर आहे, पण मला दुसरा सुचत नाही.

आता अडचण अशी, की अमेरिकेत प्रवेश मिळायला मूल 'अनाथ' असावे लागे. आणि सगळीच मुले अनाथ कुठून असणार? कुणाची आई जिवंत, कुणाचा बाप कामाच्या शोधात परगावी, कुणाची आजी 'चार महिने सांभाळा, मग नेते' म्हणून मूल अनाथालयात ठेवून गेलेली. तेव्हा यावर तोड निघाली ती कागदावर.

मी शाळामास्तर आहे. माझे शिक्षण मॅट्रिकपुरते, परंतु कागदाची किंमत मला पंडितांहून अधिक ठाऊक आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरात एकदा मुलाचे नाव, आईबापाचे नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहिले, की पुढे जन्मभर तो दाखला त्या माणसाच्या पुढे चालतो. त्यातला काना-मात्रा चुकला तर म्हातारपणी पेन्शन अडते. म्हणून रजिस्टरात खाडाखोड करायची नाही, हा आमच्या धंद्यातला पहिला धर्म. कोरियात पूर्वी प्रत्येक कुटुंबाची अशीच सरकारी नोंदवही असे. तिला होजुक म्हणत. ती पद्धत २००८ साली बंद झाली. घरचा प्रमुख कोण, त्याच्या खाली कोण कोण, हे त्या वहीत लिहिलेले असे. दत्तक पाठवायच्या मुलासाठी काय करीत? त्याच्यासाठी एक नवे पान उघडीत. त्या पानावर ते एकटेच. वर आईबाप नाहीत, बाजूला भावंड नाही. दोन महिन्यांचे तान्हे मूल, आणि कागदोपत्री ते आपल्या एकट्याच्या कुटुंबाचे प्रमुख!

मी कादंबऱ्या लिहितो. पात्रे जन्माला घालणे आणि मारणे हे माझे कामच आहे. पण कादंबरीत मी एखाद्याचे आईबाप मारले तर वाचकाला ठाऊक असते की हे खोटे आहे. इथे जिवंत आईबाप लेखणीच्या एका फटकाऱ्याने मारले गेले, आणि वाचणाऱ्या परक्या आईबापांनी ते खरे मानले. त्यांचा तरी काय दोष? त्यांच्या हाती सरकारी शिक्क्याचा कागद होता.

याने एका घराचे काय झाले, ते सांगतो. डिअॅन बोर्शे लीम या अमेरिकेत चित्रपट करणाऱ्या बाई आहेत. स्वतःची हकिगत त्यांनी दोन चित्रपटांत जगापुढे मांडली आहे. पहिला २००० सालचा, दुसरा २०१० सालचा. कॅलिफोर्नियातले बोर्शे नावाचे एक कुटुंब कोरियातल्या अनाथालयातल्या छा जंग ही नावाच्या मुलीला दरमहा पैसे पाठवी. पुढे त्यांनी तिला दत्तकच घ्यायचे ठरवले. कागद झाले. आणि मधल्या काळात त्या मुलीचा बाप येऊन तिला घरी घेऊन गेला. आता काय करावे? पत्र पाठवून खरे काय ते कळवावे, एवढे सोपे होते. परंतु अनाथालयाने काय केले, तर दुसरी एक मुलगी उचलली, तिला पहिलीचे नाव दिले, पहिलीचे कागद दिले आणि तू कोण ते कुणाला सांगू नकोस, असे बजावून १९६६ साली विमानात बसवून दिले. ही दुसरी मुलगी आठ वर्षांची होती. तिचे खरे नाव कांग ओक जिन. तिची आई जिवंत होती. भावंडे होती. दारिद्र्यामुळे अनाथालयात आलेली ती पोर होती, अनाथ नव्हती.

थोडे इंग्रजी येऊ लागल्यावर त्या पोरीने नव्या आईला सांगून पाहिले, की मी ती नव्हे, मला आई आहे, भावंडे आहेत. नव्या आईने कागद पाहिले. कागदात आईबाप मेलेले. तिने पोरीला समजावले, की बाळ, तुला स्वप्ने पडतात. हळूहळू पोर आपली भाषा विसरली, घर विसरली, स्वतःचे नावही विसरली. मोठी झाल्यावर आपल्या कागदांत तिला दोन छायाचित्रे सापडली; मुली दोन वेगळ्या आणि नाव मात्र एकच. तिने अनाथालयाला पत्र घातले आणि उत्तर आले ते तिच्या सख्ख्या भावाचे.

यात दुष्ट कोण, ते मला दाखवा. पैसे पाठवणारी, प्रेमाने वाढवणारी ती अमेरिकन आई? ती तर पोरीवर जीव टाकीत होती. आपल्या लेकराबरोबर पुढे ती कोरियालाही गेली आणि त्या दुसऱ्या आईपुढे बसली. दोन आया समोरासमोर, मधे एक लेक, आणि तिघींत एक भाषा नाही! असे हे घर. प्रेमाने बांधलेले आणि पायात खोटा कागद पुरलेले. 'कल्याण झाले' हे वाक्य या तिघींच्या समोर उभे राहून म्हणण्याचे धैर्य ज्याला असेल, त्याने ते खुशाल म्हणावे.

यावर पहिला आक्षेप मला ठाऊक आहे. "अहो मास्तर, ती मुले तिथे मेली असती! मेल्यापेक्षा नाव बदललेले काय वाईट?" १९५३ साली हे बोलणे खरे होते, आणि तेव्हा ज्यांनी ज्यांनी एक मूल वाचवले त्यांना माझा दंडवत. परंतु आकडे काही वेगळेच बोलतात. लढाईनंतर जखमा भरत जातात, तशी बाहेर जाणारी मुले कमी कमी होत जायला हवी होती. झाले उलटे. चौकशी आयोगाच्या हिशेबी १९५५ ते १९९९ या काळात एक लाख चाळीस हजारांहून अधिक मुले परदेशी गेली. सर्व मिळून दोन लाखांच्या आसपास, असाही अंदाज दिला जातो. आणि सर्वांत अधिक मुले कोणत्या वर्षी गेली? १९८५ साली. त्या एका वर्षात आठ हजार आठशेहून अधिक! लढाई थांबून बत्तीस वर्षे झाली होती. तेव्हा कोरिया जहाजे बांधीत होता, मोटारी परदेशी विकीत होता आणि १९८८ च्या ऑलिंपिकसाठी सेऊल शहर सजवीत होता. बत्तीस वर्षांत लढाईचे अनाथ कुठून आले? लढाईत अनाथ झालेले मूल तोवर स्वतः बाप झाले असेल! लढाई ही निमित्तमात्र. दार उघडले लढाईने. ते मिटू दिले नाही ते माणसांनी.

मग ही मुले कुणाची होती? बहुतेक कुमारी मातांची आणि गरिबांची. लग्नाआधी मूल झाले की त्या मुलीला समाजात तोंड दाखवायला जागा नाही. बापाच्या कुळाच्या वहीत मुलाला ओळ नाही. सरकारला अशा आयांना चार पैसे देण्यापेक्षा मूल परदेशी धाडणे स्वस्त. संस्थेला दर मुलामागे परदेशातून शुल्क आणि देणगी मिळे. सगळ्यांचेच भागत होते. ज्या बाईचे भागत नव्हते, तिच्यापुढे प्रसूतीच्या खाटेवरच एक कागद सरकवला जाई. कित्येकींच्या बाबतीत तोही नाही.

इथे नाके मुरडण्याची घाई आपण करू नये. अब्रूसाठी आईपासून मूल तोडणे आपल्याला नवे नाही. पण आपल्याच मातीत त्यावरचे उत्तरही निघाले होते, आणि तेही दीडशे वर्षांपूर्वी. पुण्यात जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसलेल्या विधवांनी यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांचे त्यांनी ठरवावे. काशीबाई नावाच्या विधवेला त्यांनी असाच आसरा दिला. तिचा मुलगा यशवंत १८७४ साली फुले दांपत्याचा दत्तक पुत्र झाला आणि पुढे डॉक्टर झाला. यातली गोम लक्षात घ्या. जोतिबांनी मुलाला वाचवण्यासाठी आधी आईला वाचवले. तिला पुसून टाकले नाही. म्हणून तर आज शाळेतल्या पोरालाही सांगता येते, की यशवंत हा काशीबाईचा मुलगा. मूल हवे पण त्याची आई नको, असे म्हणणे ही दया नव्हे.

आमच्या भाषेतला शब्दच पाहा. दत्तक. दत्त म्हणजे दिलेला. शब्दाच्या पोटातच देणारा बसला आहे. दत्तविधान म्हणजे काय? जन्म दिलेल्या आईबापांनी चारचौघांत, उजळमाथ्याने मूल दुसऱ्याच्या ओटीत घालायचे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यानेसुद्धा ही अट ठेवली, की मूल प्रत्यक्ष दिले आणि घेतले गेले पाहिजे. नुसता कागद चालणार नाही. कोल्हापूरचे शाहू महाराज १८८४ साली दत्तक आले. ते कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, हे कुणी लपवले? सयाजीराव गायकवाड बडोद्याच्या गादीवर १८७५ साली दत्तक आले. ते नाशिककडच्या कवळाणे गावच्या शेतकऱ्याचे गोपाळराव, हे कुणी पुसले? नाव नवे मिळाले, घर नवे मिळाले, गादी मिळाली. परंतु मागची वाट कुणी बुजवली नाही. आमच्या दत्तक-पद्धतीत दोष पुष्कळ होते. ती पद्धत वंशासाठी आणि वाटणीसाठी होती, मुलीला तीत जागा नव्हती, हे मी जाणतो. पण 'दिले कोणी?' या प्रश्नाला उत्तर असल्याशिवाय ती पुढे सरकत नव्हती. कोरियाच्या त्या एकट्या पानावर या प्रश्नाला उत्तर नव्हते. 'दत्त' नाही आणि तरी दत्तक!

आणखी एक गोष्ट सांगतो, जी आपल्याच माणसांशी निगडित आहे. कोरियाची लढाई थांबल्यावर परत मायदेशी जायला तयार नसलेले बावीस हजारांहून अधिक कैदी उरले. त्यांचे काय करायचे यावर जगातल्या मोठ्या राष्ट्रांनी महिनोन्‌महिने घोळ घातला. शेवटी जनरल थिमय्या यांच्या अध्यक्षतेखाली तटस्थ राष्ट्रांचा आयोग बसला आणि कैद्यांच्या राखणीला भारताची फौज गेली. तिचे सेनापती होते मेजर जनरल शंकरराव थोरात, आमच्या कोल्हापूरकडचे. हेतू काय, तर प्रत्येक कैद्याला एकेकट्याने विचारायचे, की बाबा, तुला कुठे जायचे आहे? ते विचारण्याचे काम पुरते तडीस गेले नाही, हे खरे. परंतु हातात बंदूक धरलेल्या शिपायाला 'तुझी इच्छा काय' असे विचारले पाहिजे, हे जगाने मान्य केले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी त्याच देशातून मुलांची विमाने उडू लागली. त्या मुलांच्या आयांना मात्र असे विचारण्यासाठी कुठलाही आयोग बसला नाही.

हे फक्त कोरियातच घडले असे समजू नका. एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडण्याच्या बेतात होते. अमेरिकेचे अध्यक्ष फोर्ड यांनी मुले उचलून आणण्याची मोहीम जाहीर केली. ४ एप्रिलला पहिलेच मोठे विमान कोसळले. १३८ माणसे मेली, त्यांत ७८ मुले. तरी मोहीम चालू राहिली आणि अडीच हजारांहून अधिक मुले नेली गेली. उतरल्यावर व्हिएतनामी भाषा जाणणाऱ्या परिचारिकेने मुलांशी बोलून पाहिले, तर कित्येक सांगू लागली की आमचे आईबाप आहेत. सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात दावा झाला. न्यायालयाने सगळ्या मुलांचा एकत्र दावा चालवायला नकार दिला आणि ज्याने त्याने आपले शोधावे, असे झाले. बांगलादेशात १९७२ साली खास हुकूम काढून लढाईतल्या अत्याचारांतून जन्मलेली मुले परदेशी दत्तक देण्याची वाट मोकळी केली गेली. त्याच वर्षी जुलैत पंधरा मुले कॅनडात पोहोचली. तिथल्या आयांची नावे लपली त्यामागे त्यांच्या जिवाची भीती होती, हे मी विसरत नाही. परंतु तिथेही कलंक बाईच्या माथी आणि प्रवास मुलाच्या नशिबी, हेच झाले.

आणि हे सगळे जुने झाले, असेही कुणी म्हणू नये. रशियाने युक्रेनमधून मुले नेली आणि रशियन घरांत ठेवली. कारण काय सांगितले? आम्ही त्यांना लढाईतून वाचवले! आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने १७ मार्च २०२३ रोजी या कृत्याबद्दल रशियाच्या अध्यक्षांवर आणि त्यांच्या बालहक्क-अधिकारी बाईंवर अटकेचा हुकूम काढला. ऑरेगनचा होल्ट आणि हे राज्यकर्ते एका माळेत ओवण्याइतका मी अविचारी नाही. परंतु 'पोराचे कल्याण झाले' हे वाक्य इतके सोयीचे आहे, की ते दयाळू माणसाच्याही उपयोगी पडते आणि चोराच्याही. म्हणूनच ते तपासल्याशिवाय चालू देता कामा नये.

दुसरा आक्षेप येतो तो यशाचा. सेऊलमध्ये जन्मलेली आणि फ्रान्समध्ये दत्तक गेलेली फ्लर पेलेरँ ही मुलगी तिथे मंत्री झाली. मग? झाली ती आपल्या अकलेने आणि कष्टाने. पण मंत्री झालेल्या एकीचे छायाचित्र दाखवताना बाकीच्यांचीही दाखवा. अमेरिकेत नेलेल्या कित्येक मुलांचे नागरिकत्वाचे कागद त्यांच्या नव्या आईबापांनी केलेच नाहीत. २००० साली तिथे कायदा झाला, पण वयाची अठरा उलटलेल्यांना त्याने वगळले. त्यांतले काही जण पुढे गुन्ह्यात सापडले आणि शिक्षा भोगून झाल्यावर त्यांना 'तुमच्या देशात' म्हणून कोरियात नेऊन सोडले. तिथली भाषा येत नाही, ओळखीचे माणूस नाही. एकदा अनाथ केले ते कागदाने, दुसऱ्यांदाही कागदानेच.

आणि समजा सगळीच सुखी झाली, तरी काय? सुखात वाढलेल्या मुलाने 'माझी आई कोण?' असे विचारू नये काय? विचारले की म्हणतात, कृतघ्न! एवढे केले त्याचे हे फळ! मला या शब्दाची चीड आहे. पोटच्या मुलाकडून आपण कृतज्ञतेची पावती मागत नाही. तो उलट बोलला तरी तो आपलाच. मग दत्तक मुलानेच जन्मभर हात जोडून का उभे रहावे? ज्या घरात त्याला प्रश्न विचारण्याची चोरी, त्या घरात त्याला पाहुण्याचीच जागा मिळाली, लेकराची नाही.

"तर मग लढाईत पोरे मरू द्यायची काय?" हा तिसरा आणि शेवटचा आक्षेप. त्याला माझे उत्तर पुस्तकातले नाही, वळिवड्याचे आहे. कोल्हापूरजवळ वळिवडे गाव आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे पोलंडमधून उखडलेले सुमारे पाच हजार निर्वासित राहत होते. बहुतेक बायका आणि मुले. रशियाने त्यांना सैबेरियाकडे हाकलले होते. तिथून सुटून इराणमार्गे ते इथवर आले. जामनगरजवळ बालाचडीला नवानगरच्या जामसाहेबांनी जी पोलिश मुले सांभाळली, त्यांतलीही काही ती छावणी १९४६ साली मोडल्यावर वळिवड्याला आली. आपण काय केले त्यांचे? त्यांना मराठी नावे दिली? त्यांच्या कागदांवर 'आईबाप मृत' असे लिहून ती वाटून टाकली? नाही. त्यांना छप्पर दिले. त्यांच्या त्यांच्या भाषेत शाळा चालली, त्यांचे चर्च उभे राहिले, त्यांची बालवीर पथके निघाली. आई असलेली आईपाशी राहिली. नसलेली निदान आपल्या भाषेत रडू शकली. १९४८ नंतर ती माणसे विलायत, ऑस्ट्रेलिया, अमेरिका, पोलंड अशी पांगली. आणि सत्तर वर्षांनी, २०१९ साली, त्यांतली काही म्हातारी माणसे पुन्हा कोल्हापुरास आली. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. आपण गरीब होतो, पारतंत्र्यात होतो. तरी परक्याच्या लेकराला त्याचे नाव न हिसकावता जगवता येते, हे त्या माळावर सिद्ध झाले. म्हणून 'दुसरा उपाय नव्हता' असे मला कुणी सांगू नये.

सगळ्याच मुलांना छावणीत ठेवा, दत्तक बंद करा, असे मी म्हणत नाही. ज्याला खरोखर कुणी नाही, त्याला घर हवेच, आणि ते घर परदेशात मिळाले तरी माझी ना नाही. एका वकिलाच्या पत्रावरून १९८४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने परदेशी दत्तकाचे नियम घालून दिले, तेव्हा हेच सूत्र धरले. आधी जन्मदात्यांना नीट विचार करू द्या, त्यांच्यावर दाब आणू नका; मग आपल्या देशात घर शोधा; ते न मिळाले तर बाहेर पाहा. सूत्र उत्तम आहे. पाळणारा हवा.

कोरियातल्या मुलांनी, म्हणजे आता पन्नाशी-साठी गाठलेल्या माणसांनी, शेवटी स्वतःच दार ठोठावले. २०२२ साली डेन्मार्कमधल्या दत्तकांनी पुढाकार घेतला आणि निरनिराळ्या देशांतून ३६७ जणांनी कोरियाच्या सत्यशोधन आयोगाकडे अर्ज केले. २६ मार्च २०२५ रोजी आयोगाने पहिला निकाल दिला. खोटे कागद झाले, मुलांची अदलाबदल झाली, आयांची नीट संमती घेतली गेली नाही, सरकारने डोळेझाक केली, असे त्याने स्वच्छ म्हटले आणि ५६ जणांच्या हक्कांचा भंग झाल्याचे मान्य केले. २ ऑक्टोबर २०२५ रोजी कोरियाचे अध्यक्ष ली जे-म्युंग यांनी माफी मागितली. नेदरलँड्सने आधीच, २०२१ साली, आपल्याकडच्या अशा दत्तकांची चौकशी छापून परदेशी दत्तक थांबवले होते. म्हणजे मी काही जगावेगळे बोलत नाही. ज्यांनी मुले पाठवली आणि ज्यांनी घेतली, ते दोघेही आता मान खाली घालून हेच बोलू लागले आहेत. फक्त आपल्या तोंडचे ते वाक्य तेवढे अजून बदललेले नाही.

माफीने आई परत येत नाही. पुष्कळ आया वाट पाहून मेल्या. म्हणून माफीच्या पुढे जाऊन मागणी करायची ती ही, की जिथे जिथे अशा मुलांचे कागद आहेत, तिथली कपाटे उघडा. संस्थेची अब्रू राखण्यासाठी कुणाचे जन्मगाव कुलुपात ठेवण्याचा हक्क कुणालाही नाही. आणि इथून पुढे जिथे लढाई होईल, पूर येईल, दुष्काळ पडेल, तिथे मूल उचलण्याआधी त्याच्या आईला उचला. बाळाला परदेशी नेण्यासाठी जो खर्च येतो, तो त्या बाईच्या हाती दिला, तर बहुतेकींना बाळ देण्याची पाळीच येणार नाही.

आणि वाचकहो, आपल्यातल्या ज्यांनी दत्तक मूल वाढवले आहे, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. त्यांना एकच सांगणे. मुलाला त्याची गोष्ट सांगा. ठाऊक असेल तेवढी सांगा, पण खरी सांगा. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती त्याच्या कानी पडू देऊ नका. त्या गोष्टीत दुसरी एक आई निघाली म्हणून तुमचे आईपण तसूभरही कमी होत नाही. आमच्या देवकीनंदनाला आपण यशोदेचा कान्हा म्हणतो, आणि देवकीचाही म्हणतो. दोन आयांचे ओझे त्याला कधी झाले नाही. ते भक्तांनाही झाले नाही.

तेव्हा यापुढे कुणी दूरदेशी गेलेल्या लेकराचे छायाचित्र दाखवून "कल्याण झाले हो पोराचे!" असे म्हणाला, तर त्याला फराळ वाढा, पाणी द्या, आणि मग शांतपणे विचारा: नेले ते कळले; पण दिले कोणी?